हिंमत बोटानं दाखवता येत नाही

मुलांनो, शॉमबर्गच्या मावशींना रस्त्याने धावणारा माणूस दिसला की त्या हात आडवा करून त्याला थांबवत आणि विचारत, "व्हॉट इज युवर गोल?"

२००६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तुमच्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला, सहा महिने राहायला आले होते. ईरा चार वर्षांची होती आणि नील, तुझा अजून पत्ताही नव्हता. आपल्या इमारतीत खालच्या मजल्यावर नागपूरची सुजाता राहायची. तिच्या बाळंतपणासाठी तिची आई आली होती, त्याच ह्या मावशी. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण इमारतीतले सगळे मराठी लोक त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्या मला मॅडम म्हणत, कारण मी पुण्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मीच सांगितलं होतं.

मावशींची सारी नोकरी एका प्रसूतिगृहात आया म्हणून झालेली. बाळंतपणातलं त्यांना काही शिकवायची कोणाची टाप नव्हती. अडचण होती इंग्रजीची. सुजाताचा नवरा व्हिसाच्या शिक्क्यासाठी भारतात गेला आणि तिथेच अडकून पडला. हॉस्पिटलने सांगितलं होतं, बाळंतिणीच्या खोलीत सोबतीला एकच माणूस. सुजाता म्हणाली, "आई, कळा सुरू झाल्या की मला काही बोलणं सुधरणार नाही. नर्सचं तुला कळलं नाही तर? मॅडमना थांबू दे."

मावशींनी भांडं विसळून पालथं घातलं. "सहा आठवडे आहेत ना? शिकते मी," त्या म्हणाल्या. "मग ठरव तू."

लायब्ररीत दर मंगळवारी इंग्रजीचा फुकट वर्ग भरायचा. पांढऱ्या केसांची एक हौशी बाई शिकवायची. तिने त्या उन्हाळ्यात विषय घेतला होता धैर्य आणि ध्येय. त्यामुळे मावशी शिकल्या ते करेज, गोल, रिस्क, ऑब्स्टॅकल म्हणजे अडथळा, पर्सिव्हिअर म्हणजे चिकाटी सोडू नका. पाणी, उशी, दुखतंय, यातलं काहीच नाही. मी तर कपाळाला हात लावला. दोन दिवस बसून मी त्यांच्यासाठी हॉस्पिटलात लागणाऱ्या साठ शब्दांची यादी केली. वर्णानुक्रमे, शब्द निळ्या शाईत, अर्थ लाल. मावशींनी ती दोन्ही हातांनी घेतली, फ्रिजवर चुंबकाने लावली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

"काहून, नाही आवडली?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"छान आहे जी. पण टॉवेल बोटानं दाखवून मागता येते, मॅडम. हिंमत बोटानं कशी दाखवू?"

त्यांचा एक नियम होता. शब्द जिवंत माणसावर वापरून पाहिल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. त्यामुळे पोस्टमन रोज 'ब्रेव्ह मॅन' ऐकून पत्रं देऊ लागला. कपडे धुण्याच्या खोलीत एक तरुण बिघडलेल्या यंत्राला लाथा मारत होता, त्याला मावशींनी शांतपणे सांगितलं, "नेव्हर गिव्ह अप." तो आणखी जोराने मारू लागला. आणि तो धावणारा माणूस! गोल विचारल्यावर तो गोरा गृहस्थ आधी हसला, मग वजनाबद्दल, मग बायकोबद्दल बराच वेळ बोलत राहिला. मावशी मान हलवत होत्या. दुसऱ्या दिवसापासून तो रोज इमारतीसमोरच्या आमच्या बाकापाशी थांबून वजन सांगून जायचा.

"काय म्हणत होता तो?" मी परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"पुरं नाही समजलं. पण बिचारा करून राहिला ना प्रयत्न!"

सुजाता हसायची, पण निकाल देत नव्हती. "आई, नर्सला काय गोल विचारणार आहेस?" एवढंच म्हणायची. मावशी गंभीरपणे वहीला रेघा मारत राहायच्या.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. तुमच्या आईने गाडी काढली. भरती करताना आम्हां दोघींनाही आत घेतलं. सुरुवातीच्या प्रश्नांना मी पूर्ण वाक्यांत, व्याकरणशुद्ध उत्तरं दिली. मग सुजाता किंचाळली. नर्सने वळून मला काहीतरी विचारलं. प्रश्न सोपा होता, मला समजलाही; पण तीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. मी भिंत धरून उभी राहिले.

नर्स पोरसवदा होती. सलाईनची सुई दोनदा टोचूनही शीर सापडेना. ती मदतीसाठी दाराकडे पाहू लागली. मावशी पुढे झाल्या. एका हाताने सुजाताचा दंड धरला, दुसरा नर्सच्या पाठीवर ठेवला. "यू ब्रेव्ह गर्ल. स्मॉल ऑब्स्टॅकल. ट्राय," त्या म्हणाल्या आणि पाठीवरचा हात काढून सुजाताच्या मनगटावर बरोबर जागी बोट ठेवलं. नर्सला हसू फुटलं. सुई तिसऱ्यांदा नीट गेली.

"तर मग, कोण थांबणार?" नर्सने इंग्रजीत विचारलं.

"माय मदर," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "सॉरी मॅडम."

नापास झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी बाहेर पिशव्या सांभाळत बसले. दाराआडून मावशींचा आवाज येत होता, "पर्सिव्हिअर!" थोड्या वेळाने नर्सचाही तसाच, आणि मग एक पुरुषी आवाज, बहुधा डॉक्टरांचा. संध्याकाळी मुलगी झाली. मावशी बाहेर आल्या, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि वहीत एकच शब्द लिहिला: अचीव्ह.

मी परत निघाले तेव्हा त्या बाळाला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आल्या. गळाभेट झाली. मग हात आडवा करून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, व्हॉट इज युवर गोल?"

हा विषय मी किती वर्गांना निबंधाला दिला असेल! मला कोणी कधी विचारलं नव्हतं. "विचार करून कळवते," मी म्हणाले.

कळवायचं राहिलं. मावशी गेल्याचं गेल्या महिन्यात सुजाताने फोनवर सांगितलं. तेव्हा मी बाजारात जाऊन एक वही आणली आणि उत्तर ठरवलं. तुम्ही दोघं फोनवर मला इंग्रजीतच उत्तरं देता. तर माझं ध्येय हे, की मी मराठीत लिहावं आणि तुम्ही ते वाचावं. आईकडून वाचून घेतलेलं चालणार नाही. नियम मावशींचाच आहे: जिवंत माणसावर वापरून पाहिल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. इथवर स्वतः पोचला असाल तर फोन करा. तोवर वहीची पहिली ओळ 'अचीव्ह'साठी कोरी ठेवली आहे.