ढकलायची रिक्षा

कल्याण स्टेशनच्या पश्चिमेला माझं ऑफिस आहे, पहिल्या मजल्यावर. खिडकीखालीच शेअर रिक्षांचा स्टँड. मला नसत्या चौकशा फार. नवरा म्हणतो, तू पोलिसात हवी होतीस. त्यामुळे आंबिवलीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने अबोली रंगाची, बायकांच्या परमिटची रिक्षा घेतली आणि ती याच स्टँडवर लावायची ठरवली, तेव्हा माझं लक्ष फायलींपेक्षा खालीच जास्त.

पहिल्याच दिवशी तिचं युनियनशी वाजलं. पत्र्याच्या शेडखाली बसणारे अध्यक्ष म्हणाले, "मेंबर व्हा, ताई." ही म्हणाली, "परमिट मला आरटीओने दिलंय, तुम्ही नाही. मी कशाला होऊ?"

"नका होऊ. आपल्याकडे जबरदस्ती कुणावर नाही."

आणि खरंच, तिला रांगेत उभं राहू दिलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं माझ्या नवऱ्याने ऐकवून पाहिलं. मी मात्र पूर्णपणे बहिणीच्या बाजूने होते. नोकरी असो की धंदा, कुणाची पावती फाडल्याशिवाय करता येऊ नये, हे मला पटतच नव्हतं.

मग हळूहळू खिडकीतून एक गंमत लक्षात आली. या रांगेत ड्रायव्हर चहाला गेला तर रिक्षा न्यूट्रलला ठेवून जातो, हँडब्रेक न लावता. पुढची रिक्षा भरून सुटली की मागचा उतरतो आणि चहाला गेलेल्याची रिकामी रिक्षा हातांनी पुढे लोटतो. माणूस जागेवर नसला तरी नंबर शाबूत राहतो. हे कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणाला सांगतही नाही.

माझ्या बहिणीची रिक्षा कुणी लोटत नसे.

स्टँडजवळ बायकांसाठी सोय नाही, म्हणून ती माझ्या ऑफिसच्या बाथरूमला यायची. तेवढ्यात रांग सरकायची, तिची रिक्षा तिथेच, आणि मागचे तिला वळसा घालून पुढे. ती धापा टाकत खाली पोचेपर्यंत नंबर गेलेला. पुन्हा शेवटी उभं राहायचं. शेवटी तिने पाणी पिणंच सोडलं. लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप. डॉक्टर तिला रागावले आणि मी त्या अख्ख्या स्टँडवर संतापले.

तशीच खाली उतरले. "मेंबर व्हायलाच हवं, असा कायदा आहे का?" मी अध्यक्षांना विचारलं.

"नाही ओ मॅडम. बसा." त्यांनी आपली खुर्ची दिली. "पण हा स्टँड पण कायद्याने नाय मिळाला. पालिकेची गाडी हटवायला आलेली, तेव्हा आम्ही रस्त्यात आडवे झोपलेलो. तुमच्या सिस्टरला उभं राहायला देतो ना? ढकलायचं म्हणाल तर ते आपसातलं असतं."

"आणि बायकांनी जायचं कुठे, हे तुमच्या आपसात कधी निघालं?"

त्यांनी टपरीकडे चहाची खूण केली. "नाय निघालं," म्हणाले. भांडायला गेलेली मी चहा पिऊन आले. त्यांचं निम्मं पटलं होतं, याचाच जास्त राग आला.

बरी झाल्यावर बहीण मेंबर झाली. मला न विचारता. दुसऱ्याच दिवशी ती वर आली असताना मी खाली पाहिलं, तर एक मिशाळ गृहस्थ कुरकुरत तिची रिक्षा पुढे लोटत होते. "अगं, ये, बघ!" मी ओरडले. ती खिडकीशी आली. डोळे भरून आले तिचे. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात दिवा स्टेशनकडचा एक नवा रिक्षावाला आला. डोंबिवलीतली कंपनी बंद पडली म्हणून पन्नाशीत या धंद्यात पडलेला. मधुमेही, त्यामुळे त्याला सारखं जावं लागतं. मेंबर व्हायला त्याने नकार दिलेला. काल तो असाच घाईघाईने गेला. त्याच्या मागेच अबोली रिक्षा उभी होती. मला वाटलं, आता ही उतरेल.

तिने इंजिन चालू केलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेली.

थोड्या वेळाने ती वर आली. बाथरूमला जाऊन आली, माझ्या टेबलावरची बाटली उचलली आणि घटाघटा पाणी प्यायली.

"अगं, तू स्वतः भोगलंयस हे सगळं. जरा ढकलली असतीस तर?"

"मेंबर नाहीये तो, ताई."

"म्हणून काय झालं?"

तिने खिडकीतून खाली पाहिलं. तिची रिक्षा कुणीतरी पुढे सरकवली होती. बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली, "मग होऊ दे की मेंबर. जबरदस्ती थोडीच आहे कुणावर?"