न पळालेली कोंबडी

'उपयुक्त' हा शब्द कानावर पडला की मला अजूनही शिसारी येते. कोणी माझ्या तोंडावर म्हटलं की तुम्ही फार उपयुक्त माणूस आहात, तर मी तिथून उठून जातो. बायको म्हणते, तुमचं डोकं फिरलंय. तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही, पण हे डोकं कुठे आणि कसं फिरलं ते एकदा सांगून टाकतो.

मी शहापूरच्या बाजारपेठेत वाढलो. वडिलांचं किराणा मालाचं दुकान होतं आणि घरात अंड्याचं नावही कोणी काढत नसे. मला मात्र तराजूपेक्षा दुकानामागच्या तालमीची ओढ. तिथल्या वस्तादांनी मला मल्लखांब शिकवला. एरंडेल चोळलेला तो सागवानी खांब पहिल्यांदा मिठीत घेतला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आणि हेच करायचं हे त्याच दिवशी ठरलं. वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढे सातवीची फायनल पास झालो आणि मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. दुसरी मोठी लढाई लागायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

शाळेत मास्तरांच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि मास्तर होते सहा. सहावा मी. रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तर हसत म्हणाले, "तुम्हाला खुर्ची कशाला हो? तुम्ही उभं राहणारे!" बाकीचे चौघे खो खो हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

ड्रिल मास्तर म्हणजे अंगाने करायचं प्रत्येक काम ज्याच्या गळ्यात मारता येतं असा माणूस, हे मला महिन्याभरात समजलं. माकडांनी कौलं फोडली की छपरावर मी. विहिरीत पोहरा पडला की आत मी. आवारात मोकाट बैल शिरला की त्याच्यामागे मी. गणिताच्या मास्तरांना पोराला छड्या मारायच्या असल्या तर त्याचे हात धरायलाही मलाच हाक. ते एकदा केलं, दुसऱ्यांदा नाही म्हणालो, तर आठ दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही. गावात कोणी साहेब आला की लेझीम घेऊन वेशीवर उभं राहायचं. साहेब कधी येईल ते साहेबाच्या मर्जीवर. पोरं उन्हात वाळायची आणि मी त्यांच्यापुढे शिट्टी तोंडात धरून छाती काढून उभा.

मग सोडून का गेलो नाही? त्याचं कारण शाळेमागच्या मोकळ्या जागेत पुरलेला खांब. मी स्वतः रानातून लाकूड निवडून आणलं, तासून घेतलं, म्हशाच्या जत्रेतून एरंडेलाचा डबा आणला. सकाळी शाळा भरायच्या आधी तासभर पोरं खांबावर असायची, आणि त्या तासात मी कोणाचाच नोकर नसे.

त्या पोरांत सिद्धगडाच्या बाजूच्या एका वाडीतली चार पोरं होती. रोज अंधारात निघून डोंगर उतरून यायची. पोळ्यातल्या मधासाठी उंच झाडांवर चढणारी ती जात, त्यांना खांबाचं काय भय! त्यातला एक तर असा होता की दोन हातांनी खांब धरून सगळं अंग आडवं करायचा, जमिनीला समांतर, बावटा फडकावा तसा. ती पकड मला स्वतःला कधी तीन श्वासांपलीकडे जमली नाही. तो दहा श्वास धरायचा. त्याच्याकडे बघताना मी बाकीच्या पोरांना विसरून जायचो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, ती माझी चूकच.

पण माझं ज्ञान संपत आलं होतं. वस्तादांनी दिलं तेवढं देऊन झालं होतं, आणि एका पोराचा निखळलेला खांदा मी चुकीच्या पद्धतीने बसवल्यापासून झोप उडाली होती. मुंबईच्या बाजूला व्यायाम शिक्षकांसाठी वर्षाचा वर्ग निघाला होता. शरीराची हाडं, स्नायू सगळं शिकवत. तो वर्ग करून आलं की मास्तर म्हणून बरोबरीची नेमणूक. त्यासाठी शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांची शिफारस लागे. दोन वर्षं अर्ज केला, दोन्ही वर्षं उत्तर नाही. तिसऱ्या वर्षी दिपोटी स्वतः तपासणीला यायचे होते आणि तो वर्ग सोडून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या काळी साहेब मुक्कामाला आला की गावाने कोंबडी द्यायची, असा रिवाज. 'द्यायची' हा आपला शब्द. खरं म्हणजे कोणीतरी वाडीवर जाऊन धरून आणायची. तपासणीच्या सकाळी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "शिपाई तापाने पडलाय. तुम्ही धावता छान. आणि वाडीवरची पोरं तुमचीच. दुपारच्या आत घेऊन या. साहेब खूश झाले तर तुमच्या अर्जाचं मी बघतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून निघालं ते, "बरं."

पोरं खाली शाळेत तालीम करत होती आणि मी त्यांच्या वाडीवर कोंबडीमागे धावत होतो. कोंबडी धरणं हा काय प्रकार असतो याची मला सुतराम कल्पना नव्हती. हात घालावा तर ती बोटभर अंतराने निसटे. कुडाला धडकलो, शेणात घसरलो. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "मास्तर, कवायत करून दाखवा तिला, मंग ऱ्हाईल उभी!" मी पंचवीस वर्षांचा, सगळ्या तालुक्याला पळण्यात हरवणारा, आणि घामाने निथळत एका कोंबडीपुढे हात टेकलेला.

तेवढ्यात एका घराच्या पडवीत कोपऱ्यात टोपली दिसली. तीत पेंढ्यावर एक कोंबडी बसली होती. मी जवळ गेलो तरी हलली नाही. पिसं फुलवून नुसती घुरघुरली. मी दोन्ही हातांनी उचलली. खाली अंडी होती, अकरा. कोंबडीचं पोट तव्यासारखं तापलेलं होतं.

घरातून बाई धावत आली. तो बावट्यासारखा आडवा होणारा पोरगा हिचाच. तिने हात जोडले. "मास्तर, तिला नका नेऊ. अंड्यांवं बसलीय ती, आठ दिस झाले. थांबा जरा, मी दुसरी धरून देते तुमाला."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय तिने ठेवली नाही. मी थांबलो असतो तर घटकाभरात दुसरी मिळाली असती. पण बाया हसत होत्या, ऊन चढत होतं आणि डोळ्यांपुढे तो वर्ग होता. मनात म्हटलं, त्यात काय, दुसरी एखादी बसेल त्या अंड्यांवर. कोंबडी काखेत मारून मी डोंगर उतरलो. वाटभर ती ओरडली नाही. मला स्वतःचीच किळस येत होती, आणि तरी पाय भराभरा पडत होते.

तपासणीला साहेब आले ते दुपार उलटून गेल्यावर. पोरं सकाळपासून उपाशी. साहेबांना आधी जेवायचं होतं, पण परत निघायचीही घाई होती, म्हणून हेडमास्तरांनी तोड काढली. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं आणि समोर खांबाचे खेळ सुरू केले. साहेब जेवणार आणि पोरं खेळणार.

माझी पोरं त्या दिवशी जशी खेळली तशी पुन्हा कोणी खेळलेली मी पाहिली नाहीत. शेवटी तो पोरगा चढला आणि आडवा झाला. दहा श्वास झाले. साहेबांनी तंगडी हातात धरून मान डोलावली. "शाबास! अजून धर. अजून." पोराने धरलं. साहेबांच्या हनुवटीवर रस्सा ओघळत होता, दातांत अडकलेलं ते करंगळीने काढत होते, आणि त्या करंगळीनेच खुणावत होते, अजून, अजून. पोराचे हात थरथरायला लागले. मी शिट्टी वाजवायला हवी होती. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलो, ते खूश दिसतात की नाही म्हणून. पोरगा खाली आला तेव्हा त्याचे पंजे सोलवटले होते.

हात धुता धुता साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "खेळ उत्तम. कोंबडी मात्र वातड होती हो."

जाताना त्यांनी शेरेबुकात शेरा लिहिला. हेडमास्तरांनी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला: "ड्रिल मास्तर अत्यंत उपयुक्त. यांस अन्यत्र पाठविल्यास शाळेचे नुकसान होईल." माझा अर्ज त्याच पानात घडी घालून परत ठेवलेला होता. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांना खरंच आनंद झाला होता. पोरं वाईट खेळली असती तर मी सुटलो असतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी सहावी खुर्ची आणवली.

वाडीची चारही पोरं त्यानंतर आली नाहीत. आठ दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी मी वर गेलो. ती बाई पडवीत भात पाखडत होती. टोपली त्याच कोपऱ्यात होती, पेंढा फेकून दिलेला. मी विचारलं, पोरगा कुठे?

"रानात धाडलाय," ती म्हणाली. "नाय यायचा तो आता. आपुन खांबावं व्हतो तवा साहेब काय खात व्हता त्ये त्याला कळलं."

मी म्हटलं, माझं चुकलं. दुसऱ्या कोंबडीखाली अंडी ठेवली का?

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. बाजारातल्या माणसाला एवढंही ठाऊक नसतं, याचं नवल होतं. "दुसरी कुनी बसंल व्हय लगेच? सगली गार झाली. टाकून दिली खाली वहाळात." सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बाकीच्या साऱ्या पळाल्या ना तुमच्यापुढनं. ती अंडी सोडून पळाली नाय, मास्तर. म्हनून तुमाला गावली."

मी डोंगर उतरलो. शाळेमागे खांब उभा होता, आठ दिवसांत तेल न लागल्यामुळे कोरडा पडलेला. गावातली इतर पोरं माझी वाट बघत होती. नोकरी सोडावी, आत्ता जाऊन तसं सांगावं, असं मनात आलं. पण ती पोरं खांबाभोवती उभी होती आणि त्यातल्या सगळ्यात धाकट्याने लंगोट उलटा बांधला होता. मी डबा काढून खांबाला तेल चोळायला बसलो.

शाळा भरल्यावर मास्तरांच्या खोलीत गेलो. सहावी खुर्ची कोपऱ्यात मांडलेली होती. मी तिच्यावर जाऊन बसलो आणि पुढची बरीच वर्षं उठलो नाही.