दाराबाहेर बसलेला कप्तान

कवळ्या बनवणाऱ्या त्या लहानशा प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दातवाली’ म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जुळवायचा, कुठे खरखर राहिली तर पुन्हा घासायचं. ज्याच्या तोंडात ते जाणार, त्याचा चेहरा मात्र कधी दिसायचा नाही.

तिच्या लिखाणाचंही तसंच होतं. फार वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. समुद्रात अडकलेल्यांना सोडवणारी एक बोट, तिचा तापट कप्तान आणि त्याची माणसं. ती मालिका भर वादळातच बंद पडली. बोट मधल्या मध्ये लटकली आणि दातवालीच्या जिवाला घोर लागला. शेवटी पुढची गोष्ट तिनंच लिहायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर ती एकेक प्रकरण लिहायची आणि अशा गोष्टींच्या एका वेबसाइटवर टाकायची. दोराला गाठ कोणती मारली, इंजिनात तेल किती उरलं, बोटीवरच्या कपाटाची कडी कशी सैल झाली होती, सगळं सविस्तर. वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. ‘खारा वारा’ नावाचा कोणीतरी तेवढा नेमानं दोन ओळी टाकायचा. नवरा थट्टेनं विचारायचा, “काय, लागली का तुझी बोट किनाऱ्याला?”

कोणी वाचत नाही याचं तिला वाईट वाटायचं. पण एकदा तिनं त्याचाच फायदा घेतला होता.

आई गेल्यावर ती आणि तिचा दादा आईचं कपाट आवरत होते. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा, आडदांड गडी. त्याच्या डोळ्यांत पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. आईच्या शालीची घडी घालता घालता तो एकदम म्हणाला, “आई गेली त्या दिवशी लिफ्टमध्ये माणसं अडकली म्हणून उशीर झाला, असं मी सांगितलं ना? कोणी अडकलं नव्हतं. मी दुपारपासून दवाखान्यातच होतो. आईच्या खोलीबाहेरच्या बाकावर. आत जायचं धाडसच झालं नाही.” मग शाल बाजूला ठेवत म्हणाला, “हे तुझ्यापाशीच राहू दे.”

तिनं मान हलवली. आणि थोड्याच दिवसांत तिच्या गोष्टीत कप्तानाची आई आजारी पडली, कप्तान दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिला, आणि बोट बंद पडली होती असं त्यानं बहिणीला सांगितलं. वाक्यं जवळजवळ दादाचीच. ‘कोण वाचतंय एवढं!’ अशी तिनं मनाची समजूत घातली. लिहून झाल्यावर फार हलकं वाटलं होतं, हे मात्र तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही.

पुढे दादा शिडीवरून घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडला.

“तू ते बोटीचं काय लिहितेस ते दाखव की,” तो म्हणाला. “छत बघून बघून जीव विटला माझा.”

“तुला नाही आवडायचं, दादा.”

“ते माझं मी ठरवतो. पाठव मोबाईलवर.”

ज्यानं जन्मात एक पुस्तक धड संपवलं नव्हतं, तो दादा अधाशासारखा वाचत सुटला. रोज फोन. “साखळी अशी ताणत नाहीत गं, हात तुटेल त्याचा! पण लिहिलंयस झकास. एवढं सगळं डोक्यात घेऊन तू दात घासत बसतेस?” घरातलं पहिलंच माणूस तिचं वाचत होतं, आणि त्याचं प्रत्येक कौतुक तिला काट्यासारखं रुतत होतं. ते प्रकरण जवळ येत चाललं होतं. सरळ सांगून मोकळं व्हावं, असं तिला रोज वाटे. पण जीभ रेटेना. शेवटी तिनं ते प्रकरण काढून टाकलं आणि त्या जागी दुसरं घातलं. त्यात कप्तान तडक आत जातो, आईचा हात हातात घेतो, सगळं गोडीगुलाबीनं पार पडतं.

पुढच्या खेपेला ती फळं घेऊन गेली, तर दादा मोबाईल समोर धरूनच बसला होता.

“हे प्रकरण तुझं वाटत नाही,” तो म्हणाला. “अगदीच मिळमिळीत. आणि खाली हा खारा वारा काय म्हणतो बघ.” त्यानं वाचून दाखवलं. “जुनं प्रकरण का काढलंत? कप्तान बाकावर बसून राहतो ते. मीही असाच बसलो होतो. ते वाचून पहिल्यांदा वाटलं, आपण एकटे नाही.”

दादानं मोबाईल मांडीवर ठेवला. “जुनं आहे तुझ्याकडे?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं आपल्या मोबाईलवर ते उघडून त्याच्या हातात दिलं. तो एकेक ओळ सावकाश वाचत राहिला आणि ती प्लास्टरमधून बाहेर आलेल्या त्याच्या पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

“तुझ्यापाशी राहू दे, असं म्हणालो होतो मी.”

“चुकलं माझं, दादा. कोणी वाचत नाही म्हणून...”

“कोणी बघत नसलं म्हणजे चोरी ही चोरी राहत नाही होय?”

त्यानं बोटानं प्रकरण पुन्हा वर सरकवलं. मग म्हणाला, “आणि एक चुकलंय यात. तू दार बंद लिहिलंयस. दार उघडं होतं. आईनं मला पाहिलं होतं. हात केला होता तिनं.”

तिनं त्याचा हात धरायला हात पुढे केला. त्यानं त्या हातात तिचा मोबाईल ठेवला.

“हे लिहायचं नाही.”

“नाही लिहिणार.”

ती हे मनापासून म्हणाली. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात शब्द आपोआप रांगेला लागले होते, कप्तान मान वर करतो, चादरीवरून एक सुरकुतलेला हात उचलला जातो. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की दादाकडे बघवेना.

तिनं शब्द पाळला. ते मिळमिळीत प्रकरणही तिनं काढलं. आता त्या जागी काहीच नाही. खाऱ्या वाऱ्याला तिनं एवढंच कळवलं, “ती गोष्ट माझी नव्हती, म्हणून काढली.” त्यानंतर त्याच्या दोन ओळी कधी आल्या नाहीत.

दादाचं प्लास्टर निघालं आणि तो पुन्हा कामावर जायला लागला. तो अजूनही पुढची प्रकरणं वाचतो, असं वहिनीकडून कळतं. तिला मात्र काही बोलत नाही. फोन करतो, थट्टा करतो, घरी येतो. पण मनातलं काही बोलायला लागला की मध्येच थांबतो, तिच्याकडे बघतो आणि विषय बदलतो. ती त्याला बोल लावत नाही.