अंगावरून उतरलेलं

समोर कोणीही येवो, कचेरीतला साहेब असो नाहीतर भाजीवाला, काका आधी त्याच्या बाहीची कड चिमटीत धरायचे. कापड दोन बोटांत चोळायचे आणि मान हलवायचे. "यात घाम कुठे जाणार?" माणूस ओशाळून म्हणायचा, "दिसायला बरं आहे की, काका." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "डोळ्यांना काय विचारता? अंगाला विचारा!"

गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण कापडाबद्दल खोटं बोलणार नाही, असा एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. आमचे काका जव्हारच्या बाजारात होते. मी टपाल कचेरीत लागलो तेव्हा त्यांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली आणि तिथेच राहिलो. खाली कोऱ्या कापडाचा वास असायचा. सुती लुगडी, पंचे, मांजरपाट. पोशेऱ्यापासून वांगणीपर्यंतची माणसं बाजाराच्या दिवशी यायची, ओट्यावर बसून पाणी प्यायची. "मला शेठ म्हणू नका," असं काका दर वेळी सांगायचे. कोणी ऐकायचं नाही.

पुढे मालेगावहून माल पाठवणाऱ्याने फोनवर सांगितलं की सूत परवडत नाही, मागांवर आता पॉलिस्टर चढवलंय. काकांनी दोन-चार ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे तेच. मग त्यांनीही गुळगुळीत, भडक साड्या ठेवायला सुरुवात केली. विकताना मात्र गिऱ्हाइकाकडे बघायचे नाहीत. "लवकर वाळते," एवढंच म्हणायचे. खोटं बोलायचं नाही म्हणून त्या साडीचा जो एकच गुण त्यांना सापडला होता, तो हा.

ठाण्याला त्यांचा भाचा होता. त्याच्या सोसायटीतली माणसं दिवाळीआधी कपाटं रिकामी करायची. त्याने विचारलं, "मामा, तुमच्याकडे पाडे आहेत ना? वाटून टाकाल?" काकांना केवढा आनंद झाला! पहिल्या वर्षी स्वच्छ चादरी आल्या, पोरींचे फ्रॉक आले. मीही काकांबरोबर वांगणीच्या पाड्यावर गेलो. रस्ता संपला तिथून गाठोडी डोक्यावर घेतली. लोक गोळा झाले, भाच्याने फोटो काढले, एका आजीने आम्हाला कोरा चहा पाजला. ती आजी काकांचं जुनं गिऱ्हाईक.

दुसऱ्या वर्षापासून टेम्पो मोठा होत गेला आणि कपडे वाईट होत गेले. काखेत विटलेले शर्ट, चेन तुटलेल्या जीन्स, टिकल्या लावलेले लग्नातले घागरे, काही तर धुतलेलेही नसायचे. काका निवडायचे, बाजूला काढायचे, पण ढीगच एवढा की हात थकायचे. "लोक घेतायत की," ते स्वतःलाच समजावायचे. घेत होते, हे खरंच होतं.

एका उन्हाळ्यात ती आजी जव्हारच्या दवाखान्यात होती. तिला घरी सोडायला काका रिक्षा करून निघाले, मीही बसलो. पाड्याखालच्या कोरड्या ओहोळापाशी आम्ही उतरलो आणि काका जागेवरच थांबले. ओहोळभर कपडे पडले होते. दगडांत जीन्स रुतलेल्या, करवंदीच्या जाळीला एक घागरा अडकलेला, त्याच्या टिकल्या उन्हात चमकत होत्या.

"हे आपलेच ना?" काकांनी विचारलं.

आजी म्हणाली, "चांगलं व्हतं तं वापरलं, शेठ. बाकी कुठं ठेवनार? घर केवढं! जाळलं तं काळा धूर व्हतो, घशात बसतो. मागं एक गाय मेली, तिच्या पोटात चिंध्या निघाल्या."

"मग घेत कशाला होतात?"

"तुमी येवढं लांबून आनता. तुमाला नाय कसं म्हनायचं?"

काका तिथेच दगडावर बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी बाहेरच तोंड करून ठेवलं होतं. जव्हार जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "मला वाटत होतं, मी त्यांची लाज झाकतोय. इतकी वर्षं ते माझी झाकत होते."

त्याच आठवड्यात ते टेम्पो घेऊन परत गेले आणि काठीने एकेक चिंधी उचलू लागले. पाड्यातली माणसं न बोलता मदतीला उतरली, जणू चूक त्यांचीच होती. ते बघवत नव्हतं. सगळं जव्हारला आणून दुकानाच्या मागच्या खोलीत भरलं. गॅरेजवाला म्हणाला, हे कापड तेल पीत नाही, मला पुसायला काय उपयोग? गोधड्या शिवणारीने सुती तेवढं निवडलं, ते काखेत मावेल एवढंच निघालं. काकांनी भाच्याला फोन केला, "तुमचं तुम्ही परत न्या."

"मामा, लोकांनी मनापासून दिलंय. इथे कुठे ठेवणार?"

"मग तिथल्या ओहोळांनी काय केलं होतं रे?"

दिवाळीआधी नवा ढीग घेऊन टेम्पो आलाच. काका दारात आडवे उभे राहिले आणि तो भरलेलाच परत धाडला. भाच्याने बोलणं सोडलं.

वांगणीला ते पुन्हा गेले नाहीत. बाजाराच्या दिवशी तिकडची माणसं दिसली की गल्ल्यावर काकूंना बसवून आत जायचे. आजी ओट्यावरून विचारायची, "शेठ बरं हायेत ना?" आतून काका मला खुणेने सांगायचे, हो म्हण. मी एकदा म्हटलं, त्यांच्या मनात काही नाही, काका. तर म्हणाले, "म्हणून तर बाहेर येववत नाही."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला पंगत बसत होती, तेवढ्यात वांगणीची माणसं आली. पुढे एक म्हातारा, अंगात कुठल्याशा इंग्रजी शाळेचा निळा ब्लेझर, बाह्या बोटांच्याही खाली आलेल्या. मागे एका बाईने जरीची ओढणी डोक्यावरून घेतली होती. आजीने लुगड्यावर जाड लोकरीचा स्वेटर चढवला होता, भर दुपारी. सगळं जपून ठेवलेलं, घडीच्या खुणा तशाच. ओट्यावर बसलेल्या आम्हा गावकऱ्यांत खसखस पिकली.

भाचाही आला होता. त्याने हसतच विचारलं, "आजी, एवढ्या उकाड्यात स्वेटर?"

"शेठनी दिलं," आजी म्हणाली. "आज नाय घालायचं तं कवा?"

भाच्याने मान खाली घातली. मला कोणाच्याच तोंडाकडे बघवेना, म्हणून मी त्यांना पंगतीत बसवलं, तांब्या उचलला आणि पाणी वाढू लागलो. म्हाताऱ्याने पेला पुढे करण्याआधी ब्लेझरची बाही हळूच दुमडून वर घेतली, भिजू नये म्हणून.