सरगुंडे कोणाच्या हातचे?

नागपूरच्या विमानतळावर बाकीच्यांच्या आया रडत होत्या आणि माझी आई मला बॅग पुन्हा उघडायला लावत होती. सरगुंड्यांचा डबा मी खरंच घेतला की घरीच ठेवला, याची तिला शंका होती. घेतलाय म्हणून तीनदा सांगितलं, तरी डबा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिने मला आत सोडलं नाही.

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतलं आमचं घर विणकरांचं. सूत विकत घेताना आई दुकानदाराचं बोलणं ऐकून घ्यायची आणि मला हळूच म्हणायची, "सांगणाऱ्याचं तोंड नको पाहू वं, हात पाह्य." ही एवढी शिदोरी घेऊन मी बोस्टनला आले आणि घरमालकापासून दह्याच्या डब्यापर्यंत सगळ्यांवर संशय घेत राहिले.

शनिवारी मी नॉर्थ एंडमध्ये भटकते. शंभरेक वर्षांपूर्वी गाव सोडून आलेल्या इटालियन लोकांचा हा मोहल्ला. गल्ल्या महालासारख्याच अरुंद, पण दारात चीजचा वास आणि छताला टांगलेलं काय काय, ज्याच्याखालून मी अंग चोरून जाते. जिथे तिथे 'आजीच्या हातची चव' अशी पाटी. इतक्या आज्या आल्या कुठून, हा माझा जुना प्रश्न.

गेल्या महिन्यात एका छोट्या दुकानात मी थबकलेच. काचेच्या बरणीत चक्क सरगुंडे! गव्हाच्या कणकेची दोरी काडीवर गुंडाळून, काडी काढून वाळवलेली. आमच्याकडे ते वाफवून आमरसात खातात, इथे टोमॅटोच्या रश्शात. पाटीवर 'हाताने केलेले'. काउंटरमागच्या म्हाताऱ्या रोझाबाईंना मी विचारलं, कोणाच्या हाताने?

बाई माझ्यावर बरसतील असं वाटलं. त्यांनी शेजारची दुसरी बरणी काढली आणि दोन्हीतला एकेक माझ्या तळहातावर ठेवला. एक कारखान्याचा, तो सांगूनच विकतात, एक त्यांचा. कारखान्याचे सगळे एका मापाचे. हातच्याचं एक टोक चपटं, कारण कणीक सुरुवातीला अंगठ्याने काडीवर दाबावी लागते. आमच्याकडे काडी, त्यांच्याकडे विणायची सुई, एवढाच फरक.

आई दर उन्हाळ्यात सरगुंडे करून पाठवते; घरी येऊन मी यंदाचं पार्सल उघडलं. सगळे एका मापाचे. एकालाही अंगठा नाही.

आधी रागच आला. धरमपेठेतल्या दुकानातून विकत आणायचे आणि वर फोनवर ऊन किती होतं, कणीक कशी चिवट झाली, हे रंगवून सांगायचं! मग आठवलं की गेले कित्येक महिने व्हिडिओ कॉलवर मला आईचा फक्त चेहरा दिसतोय. जगाचे हात तपासत फिरणाऱ्या मला तिचे हात पाहायचं सुचलं नव्हतं. लाज वाटली. परदेशात असाल तर तुम्हीही एकदा घरच्यांचे हात पाहून घ्या.

मी फोन लावला. "आई, हात दाखव."

"काहून?"

"दाखव ना." शेवटी पदराखालून उजवा हात वर आला. बोटं थरथरत होती. "दिवाळीपासून असंच होऊन राहिलं. डॉक्टरले दाखवलं. तुले सांगून काय, तू तिथं रडत बसली असती." मी रडत बसलेच.

येत्या दिवाळीचं तिकीट काढलंय, पण तोवर सरगुंडे थांबवायचे नाहीत असं ठरलं. रविवारी मी कणीक मळली, सुई घेतली, फोन डब्याला टेकवून ठेवला. महालातून आई पाहत होती. सात-आठ वाकडेतिकडे झाल्यावर मी फोनमध्ये तोंड घालून म्हटलं, जमलं बघ. माझ्या नुसत्या शब्दावर जिथे अजून कुणी विसंबत नाही, तेच माझं घर, हे तेव्हा कळलं.

कारण आई म्हणाली, "तोंड बाजूले घे. अंगठा दिसू दे."