रविवार सोडून

आमचे दाजी गेले ते स्वतःच्या शिस्तीनं, म्हणजे इतरांची पुरेपूर धावपळ होईल अशा बेतानं. शनिवारी दिवेलागणीला प्राण सोडला. मे महिन्याचे दिवस. अशा वेळी रविवारी सकाळीच माती द्यावी, एवढं साधं गणित. पण दाजींनी माझ्या बहिणीला, मार्थाताईला, केव्हाच बजावून ठेवलं होतं की, रविवारी माझ्यासाठी कुणाच्या हातात कुदळ द्यायची नाही. बातमी मला नळदुर्गात कळली. माझा तिथं फोटो स्टुडिओ आहे. एका नव्या जोडप्याला खुर्चीवर बसवून, नवरदेवाची हनुवटी वर करून मी नुकतंच म्हणालो होतो, "आता हलायचं नाही." तेवढ्यात गावाकडचा ट्रक दारात थांबला. ड्रायव्हरनं खाली वाकून सांगितलं की, याकोब मिस्त्री गेले. मीच हललो. जोडप्याच्या जागी पडदाच आला फोटोत. मग ड्रायव्हरनं निरोपाचा दुसरा भाग सांगितला... माती सोमवारी आहे, तेव्हा येताना बर्फ आणा.

तो अख्खा रविवार मी बर्फाच्या मागं होतो. उमरग्याहून चार लाद्या मिळवल्या, भुशात पुरल्या, पोत्यांत गुंडाळल्या आणि त्यांच्यावर बसून, रडत आणि दाजींना मनातल्या मनात शिव्या देत, गाव गाठलं. रविवारी कुदळ चालत नाही, मग बर्फ वाहिलेला चालतो का, हे विचारावंसं फार वाटलं. पण ज्याला विचारायचं तो माणूस शांतपणे डोळे मिटून पडला होता आणि नेहमीप्रमाणे उत्तर न देताच जिंकला होता.

आमचं गाव नळदुर्ग आणि उमरग्याच्या मधे, हमरस्त्यापासून आत. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची सतरा घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, उरलेले रविवार आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, दाजी उपासना चालवायचे. धंद्यानं गवंडी. हात असा की, त्यांच्या भिंतीला ओळंबा लावून बघायला दुसरे मिस्त्री यायचे आणि मान हलवत परत जायचे. मतंही तशीच, ओळंब्यात. लॉटरी पाप. तंबूतला सिनेमा पाप. दारू तर पापांची आजी. मतं मागायला उमेदवार ओट्यावर आले की दाजी एकच प्रश्न टाकायचे, दारूबंदी ठेवणार का उठवणार? सगळेच ठेवणार म्हणायचे. दाजी सगळ्यांना चहा पाजायचे आणि कुणावरच विश्वास ठेवायचे नाहीत. माझा भाचा पुढं शिकायला निघाला, तेव्हा शाळेच्या कारकुनानं आपुलकीनं सुचवलं की, दाखल्यावर जुनी जात लिहू, पोराला सवलत मिळेल. दाजी म्हणाले, "कागदावर एक आन् मंदिरात एक, अशी दोन तोंडं एका मानेवर मला पेलायची न्हाईत." पोराची सवलत गेली. पोरगं आज पुण्यात लेथवर उभं असतं. त्यावरून मी दाजींशी दोन वर्षं भांडलो. ते ऐकून घ्यायचे, आणि शेवटी म्हणायचे, "जेवून जा."

या हट्टाला एकदा यश आलं, आणि माझं ठाम मत आहे की, दाजींचं नुकसान त्या यशानंच केलं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी, मंगळवारी. दाजींनी ओव्हरसियरला सांगितलं की, आम्ही रविवारी येणार नाही, त्याच्या बदल्यात मंगळवारी खडी फोडू. ओव्हरसियर हसला. पण पुढच्या रविवारी सतरा घरांतलं एकही माणूस फिरकलं नाही आणि मंगळवारी ओसाड तलावात, वर सूर्य आणि खाली आम्ही, टाक टाक टाक... असे दोन मंगळवार बघून ओव्हरसियरनं हात टेकले. आमची अडचण एकच उरली, बाजाराची. ती सखूबाईनं सोडवली. सखूबाई बौद्ध वस्तीतली, आमच्याच टोळीत मातीची पाटी उचलायची. तोंडाची तिखट. वर्षभर दर मंगळवारी तिनं सतरा घरांचा बाजार डोक्यावरून आणला. कुणाची मिरची, कुणाचं मीठ, कधी गफलत नाही. दाजींना म्हणायची, "मिस्त्री, तुमच्या देवाला सांगा, माझी मान मोडाय आली."

एका रविवारी तिचा बैल कोरड्या विहिरीत पडला. दाजी उपासना अर्धी सोडून, पांढऱ्या सदऱ्यासकट, दोर बांधून आत उतरले. बैल निघाला, सदरा गेला. हा बैल वाचकांनी लक्षात ठेवावा. मला पुढं तो फार उपयोगी पडणार होता. म्हणजे, पडला नाही.

दुष्काळ सरला. गावची सोसायटी वाढली, खताचं गोदाम झालं, त्याला लागून दोन गाळे निघाले. सगळं बांधकाम दाजींच्या हातचं. आणि मग सोसायटीच्या चेअरमनच्या मनात आलं की, एका गाळ्यात सरकारमान्य देशी दारूचं दुकान यावं. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता. दाजींच्या अंगात वारं शिरलं. संध्याकाळचं काम टाकून हा माणूस घरोघर फिरू लागला, आणि बरोबर सखूबाई. तिचा नवरा हातभट्टीवरच अर्धा संपला होता. हाकेच्या अंतरावर दुकान आलं तर उरलेला अर्धा संपेल, हे ती दारादारात सांगायची. दाजी शास्त्रातलं सांगायचे, सखूबाई घरातलं. लोकांना सखूबाईचं जास्त पटायचं. दोघांनी माणसं मोजली. ठराव पडणार हे चेअरमनलाही कळलं. चेअरमन हुशार. त्यानं कुणाला धमकावलं नाही की फोडलं नाही. त्यानं फक्त ग्रामसभेची दवंडी दिली, रविवारी सकाळी दहा वाजता.

मी शनिवारीच नळदुर्गाहून येऊन धडकलो. आयुष्यात इतकं चांगलं भाषण मी पुन्हा केलं नाही. उपासना सात वाजता घ्या म्हणालो. दाजी म्हणाले, वेळेचा प्रश्न नाही, तो अख्खा दिवसच दुनियेच्या कामाचा नाही. मी म्हणालो, हे दुनियेचं काम नाही, हे तर तुमच्या देवाचंच काम आहे. मग मी माझा हुकमी बैल काढला. "दाजी, रविवारी विहिरीत उतरला होता ना? मग?"

दाजी म्हणाले, "बैल पडला व्हता, दावीद. हितं कुणीतरी आपल्याला ढकलतंय. उद्या गेलो तर त्यांना कळलं, ह्यांचा रविवार कवा बी वाकतो."

"आणि नाही गेलात तर दुकान येतं."

"जेवून घे," दाजी म्हणाले.

मी जेवलो नाही. ताईनं ताट झाकून ठेवलं, ते सकाळी तसंच होतं.

रविवारी आम्ही सगळे मंदिरात. ग्रामसभा चावडीसमोर, आणि चेअरमननं लिंबावर कर्णा बांधलेला. आम्हाला ऐकू जावं म्हणूनच बांधला होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती. दाजी प्रार्थनेला उभे राहिले. इकडं ते पाऊसपाण्यासाठी मागताहेत आणि तिकडून कर्ण्यातून आवाज, ठरावाच्या बाजूनं हात वर करा. दाजींची प्रार्थना विधवांवर आली, अनाथांवर आली, आजाऱ्यांवर आली. मोजणी चालूच. मग कर्णा म्हणाला, आता विरोधातले. दाजी थांबले. डोळे मिटलेले, ओठ हलत नव्हते. सबंध मंदिरात एक बाळ तेवढं कुरकुरत होतं... आणि आकडा आला. अकरा हातांनी आम्ही हरलो. मंदिरात तेव्हा मोठी माणसं चाळीसच्या वर होती.

"आमेन," दाजी म्हणाले. तेवढंच.

आजवर ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, साभिनय, कर्ण्याच्या आवाजासकट. दर वेळी दाजींच्या हट्टावर पडदा पाडतो आणि लोक हळहळतात. पण इथं लिहायला बसल्यावर एक गोष्ट गिळता येत नाही. दार उघडं होतं. मी शेवटच्या रांगेत, दाराशी बसलो होतो. चावडी शंभर पावलांवर होती. माझा रविवारवर काडीचा विश्वास नव्हता. आणि मी उठलो नाही. दाजी बघतील म्हणून.

उपासना सुटली तेव्हा सखूबाई बाहेर उन्हात उभी होती. एरवी बडबडणारी, त्या दिवशी हळू बोलली. "वरीसभर मंगळवार केले म्या तुमचे. तुमच्यानं येक रविवार झाला न्हाय, मिस्त्री."

दाजींनी "सखूबाई..." म्हटलं. ती निघून गेली. त्यानंतर ती दाजींशी कधी बोलली नाही. दुकान आलं, आणि वर्षाच्या आत तिचा नवरा गेला. त्या मातीला दाजी गेले होते. लांब, लोकांच्या मागं, डोकं उघडं करून उभे होते.

त्या मातीच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी गिलाव्याला चढायचं बाभळीचं स्टूल उचललं आणि दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं नेऊन ठेवलं. संध्याकाळी पाचला, ऊन कललं की बसायचे, दिवेलागणीला उठायचे. हातात छत्री. बोलणं नाही, उपदेश नाही. येणाऱ्याला फक्त "सलाम" करायचे, नावानिशी. आता सांगा, ज्यानं तुमच्या घराचा पाया घातला तो समोरून नाव घेऊन सलाम करतोय आणि तुम्ही दारूच्या दुकानाची पायरी चढताय, हे जमतं का? गिऱ्हाईक मागून येऊ लागलं. चेअरमननं मागच्या भिंतीला दार पाडायचं ठरवलं आणि निर्लज्जपणे दाजींनाच बोलावणं धाडलं. दाजींनी निरोप दिला, "भिंत म्या बांधली. भोक तुमी पाडा." ते दार कधी नीट बसलं नाही, आजही करकरतं. मला माहीत आहे, कारण त्या दारानं मीही गेलेलो आहे. बहुधा रविवारी, आणि तरीही मागूनच.

कारण रविवारी दाजी बसायचे नाहीत! सहा दिवस ज्या माणसानं गिऱ्हाईकाला पळवून लावलं, तो सातव्या दिवशी घरी, हाताची घडी घालून. रविवार हा दुकानाच्या तेजीचा दिवस झाला. चेअरमन चारचौघांत म्हणायचा, आमचा रविवार याकोब मिस्त्रींच्या कृपेनं चालतो. मी हे दाजींना सांगितलं, रंगवून सांगितलं, त्यांना चीड यावी म्हणून. ते म्हणाले, "मला ठावं हाय."

मग नवरा गेल्यावर तीनेक महिन्यांनी, एका रविवारी, सखूबाई दाजींच्या अंगणात आली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. ओट्यावरचं स्टूल उचललं, दुकानासमोर नेऊन टाकलं आणि त्यावर बसली. ती सलाम करत नव्हती. येणाऱ्याच्या बायकोचं नाव घेऊन ती कशी आहे विचारायची. तेजी संपली. सोमवारी सकाळी स्टूल ओट्यावर, पुसून ठेवलेलं.

पुढच्या शनिवारी मी बघितलं. दाजी दुकानासमोरून उठले, घरी आले, आणि स्टूल आत न नेता ओट्याच्या कडेला, हाताला येईल असं ठेवलं. मी खवळलो. म्हणालो, "वा दाजी, तुमचा रविवार पवित्र आणि कामाला ढकलायला सखूबाई?"

"तिचा रविवार तिचा हाय," ते म्हणाले. मग बराच वेळ हातपाय धूत राहिले. "त्या दिशी चुकलो का न्हाय, ते म्या तुला सांगणार न्हाय, दावीद. मलाच अजून कळंना."

एवढं एकच वाक्य. त्यासाठी मी इतकी वर्षं भांडत होतो, आणि मिळालं तेव्हा त्याचं काय करावं ते मला समजेना.

त्यानंतर दर शनिवारी स्टूल ओट्याच्या कडेला आणि सोमवारी पुसून परत. दोघांचं बोलणं नाहीच. ताई सांगते, त्या शेवटच्या शनिवारीही दाजी दुकानासमोरून आले, स्टूल कडेला ठेवलं, छत्री खुंटीला लावली, पाणी मागितलं आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत... तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी लाद्या घेऊन गावात शिरलो, तेव्हा सगळी माणसं दाजींच्या दारात होती. सखूबाई तेवढी नव्हती. ती दुकानासमोर बसली होती.

दाजींना माती दिल्यापासून आज पाचवा रविवार. ताईकडं आलोय आणि हा लेख तिच्या ओट्यावर बसून लिहितोय. रविवारी असलं काम केलेलं दाजींना खपलं नसतं, म्हणून मुद्दाम. गेले पाच आठवडे स्टूल सहा दिवस ओट्यावर पडून असतं आणि चेअरमनला मागच्या दाराची गरज उरलेली नाही. मघाशी सखूबाई स्टूल न्यायला आली. तिला मी विचारलं, बाकीच्या दिवशीही बसाल का? स्टूल काखेत मारून ती म्हणाली, "म्या रविवारचीच हाय. बाकीचं तुमचं."

उद्या नळदुर्गाला परतायचंय. गाडी संध्याकाळी साडेपाचची. ताईनं काही न बोलता खुंटीवरची छत्री काढून माझ्या पिशवीशेजारी ठेवलीय. पावसाचा अजून पत्ता नाही. आणि पाच वाजता दुकानासमोर ऊन कलतं.