थांबण्याची खूण

देवांवरून माझं मन उडालं होतं, म्हणूनच त्या दिवशी मी सायकल काढली, हे आधीच सांगून टाकतो. नवस फेडायला निघालो असतो तर सांगायला बरं वाटलं असतं. मी निघालो होतो घरातले देव परत करायला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुलदेवतांचे पाच टाक, वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याला आलेले. गोंदियाकडच्या आमच्या गावाहून ते भिलाईला मीच तरुणपणी सायकलवर आणले होते. बायको गेली आणि वर्षभर त्यांच्यावर कोणी पाणी घातलं नाही. फोनवर मोठ्या भावाला म्हणालो, दादा, आता तुझ्याकडे ठेव. तो म्हणाला, "आण बा, मी करीन पूजा. पण या वयात सायकलनं कावून येतं? गाड्या बंद पडल्या का?" पण मी हट्टाला पेटलो होतो. ज्या वाटेनं आणले त्याच वाटेनं नेऊन ठेवीन, असं ठरवलं होतं.

पोलाद कारखान्यात मी तीस वर्षं क्रेन चालवली. वर केबिनमध्ये खालचा आवाज पोचत नाही. सगळं काम हाताच्या खुणांवर चालतं. उचल, सरक, खाली घे, या खुणा नेमून दिलेल्या एकाच माणसाच्या पाळायच्या, दुसरा कोणी कितीही हात हलवो. फक्त थांबण्याची खूण त्याला अपवाद. ती झाडूवाल्यानं दिली तरी थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. हा नियम मी एकदाही मोडला नाही आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

आता जे लिहितो ते मी भावालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी. दारात बूट घालत होतो तेव्हा तिनं पलंगावरून हात वर केला. तळवा माझ्याकडे. ती निरोप देत होती असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. खुणा ओळखणं हाच माझा धंदा होता, मी ती ओळखली होती. तरी "दुपारी येतोच" म्हणालो आणि निघालो. दुपारी ती गेल्याचं सांगायला शेजारी कारखान्याच्या फाटकावर उभा होता. त्यानंतर माझा सगळा राग देवांवर निघाला. जिनं तुम्हाला रोज आंघोळ घातली तिला तुम्हाला सहा तास सांभाळता आलं नाही, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं.

भादव्यातली सकाळ होती. भिलाईतल्या खुर्सीपारहून उजाडताच निघालो, दुर्ग मागे टाकलं, राजनांदगावानंतर मोठा रस्ता सोडून आतल्या गावांच्या वाटेला लागलो. मुक्काम डोंगरगडला करायचा होता. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात देव बांधून कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीनं आवळले होते. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलेलं. एरवी मी अशा वाटेवर अभंग गुणगुणलो असतो. त्या दिवशी दात आवळून पायडल मारत होतो.

एका ट्रॅक्टरला वाट देताना चाक खड्ड्यात आदळलं. पुढे बांधावर निंदण करणारी एक बाई उभी होती. ट्रॅक्टरच्या आवाजात तिचं ओरडणं मला ऐकू आलं नाही, पण तिनं दोन्ही हात वर केलेले दिसले. जित्याची खोड ती. मेंदूला कळायच्या आत बोटांनी ब्रेक दाबले होते.

"ए कका! तोर गठरी गिर गे हे!"

मागे पाहिलं तर कॅरिअर रिकामं. गाठोडं कडेच्या पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत पडून सुटलं होतं. चार टाक चिखलावर दिसत होते. भवानीचा टाक कुठेच नव्हता. मी बुटांसकट पाण्यात उतरलो. हात कोपरापर्यंत घालून चाचपडत होतो आणि तोंडातून "आई, आई" निघत होतं. ज्यांना कायमचं सोपवून यायला निघालो होतो त्यांच्यासाठी मी लहान पोरासारखा रडत होतो. बाई शेजारी वाकली. रोपाला धक्का न लावता तण शोधणारी तिची बोटं, त्यांना टाक सापडला.

मग तिनं पाचही देव हापशीवर नेऊन धुतले, पदरानं पुसले, पळसाच्या पानावर मांडले. कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलीचं एक फूल तोडून वाहिलं. देवाला ते चालतं की नाही, मला ठाऊक नाही. वर्षभरानंतर त्यांना पाणी मिळालं ते एका अनोळखी हातानं. कुठे नेतोस, असं तिनं विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ती हसली. "देवता रिसाय हे, के तैं रिसाय हस?"

कोण रुसलं होतं ते तिला दिसतच होतं. तिथेच हापशीच्या ओट्यावर बसून मी तिला त्या सकाळच्या हाताची गोष्ट सांगितली. माझी अर्धी मराठी, अर्धी हिंदी तिला किती कळली देव जाणे. तिनं धीर दिला नाही, दोषही दिला नाही. पानासकट देव माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आज तो रुकेस न, कका." आणि आपल्या कामाला वळली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी भावाला फोन लावला. "दादा, मी येऊन नाही राहिलो. देव मलेच ठेवा लागते."

"मंग ठेव ना बा. मी कवा म्हटलं होतं आणून दे म्हणून?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "रडून राहिला का तू?"

सायकल भिलाईकडे वळवली. गाठोडं या खेपेला पोटाशी बांधलं होतं.

त्या माउलीचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार! तिच्या रूपानं कोण आलं होतं, हा वाद मला घालायचा नाही. थांबवणारा कोणीही असो, आपण थांबायचं, एवढंच शरण जाणं मला जमतं. पूजेचा क्रम माझा अजून चुकतो, देव चालवून घेतात. घरातून निघताना बूट घालून झाले की मी दारात उभा राहतो आणि मागे वळून आधी देव्हाऱ्याकडे, मग त्या पलंगाकडे पाहतो. कोणाचा हात वर नाही ना, एवढं बघतो आणि मगच बाहेर पडतो.